आखूडतारी, बहुतापी

आमच्या घरात विजेची शेगडी आहे, ही गोष्ट मी चारचौघांत सहसा सांगत नाही. जळगावात राहून घरात उष्णता तयार करण्याचं यंत्र बाळगणं म्हणजे समुद्रकाठी राहून मिठाची साठेबाजी करण्यासारखं आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत गच्चीवर टाकलेले पापड वाळत नाहीत, भाजूनच खाली येतात. पण डिसेंबर उजाडला की हेच गाव असं काही गारठतं, की सकाळी आंघोळीला कोणी आधी जायचं यावर घरोघरी ‘आधी आपण, आधी आपण’ असा लखनवी शिष्टाचार सुरू होतो. धुळ्याचं तर विचारूच नका. धुळेकर मंडळी थंडीचा आकडा सांगतात, तो जसे काही मुलाचे दहावीचे गुण सांगावेत तसा. फरक एवढाच, की हा आकडा जितका कमी तितकी मान ताठ.

तर ही शेगडी म्हणजे आमची वडिलोपार्जित इस्टेट. वडिलांच्या मागे तीन वस्तू माझ्याकडे आल्या. जुन्या जळगावातलं दोन खोल्यांचं घर, ही शेगडी आणि तंबाखूची स्टीलची डबी. घराची वारसनोंद होईपर्यंत माझ्या चपलांचे दोन जोड झिजले. बाकीच्या दोन वस्तूंच्या बाबतीत मात्र कोणीही हरकत घेतली नाही.

वडील एका जिनिंगमध्ये मुनीम होते. दसऱ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत त्यांच्या सदऱ्याला, मिशीला आणि हिशेबाच्या वह्यांना रुई चिकटलेली असे. जिनिंगच्या फाटकावर प्रत्येकाचे खिसे चाचपत. विडी-काडेपेटी आत न्यायची नाही. कापसाला ठिणगी लागली तर काय होतं, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक होतं. वडील म्हणत, “भडकलेली आग परवडली. गाठीत शिरलेली आग वाईट. बाहेरून गाठ पांढरीशुभ्र, आणि आत दोन-दोन दिवस धुमसत असते.”

विडी चालत नाही म्हणून तिथली बरीच मंडळी तंबाखू मळत. वडीलही मळत. म्हणजे आगीपासून बचावाचा नियम पाळता पाळता त्यांच्या हाताला डबीची सवय लागली, आणि पितृभक्ती म्हणून माझ्याही.

आता शेगडीकडे वळू. पत्र्याची चौकट, मधोमध खाचा पाडलेली पांढऱ्या मातीची थाळी आणि त्या खाचांतून जिलबीसारखी फिरवलेली कॉइल. ही तार निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाची, म्हणजे नायक्रोमची. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. लालभडक तापली तरी ही तार लवकर वितळत नाही, लवकर गंजत नाही, म्हणून टोस्टरपासून गीझरपर्यंत सगळीकडे हिचीच भावंडं. मार्शसाहेबांनी सगळा विचार केला होता. आमच्या घरी उतू जाणारं दूध तेवढं त्यांच्या हिशेबात नव्हतं.

दूध उतू गेलं की कॉइल तुटे. तुटली की वडील पक्कड घेऊन बसत. “आधी पिन काढ, मग शहाणपण कर,” हा त्यांचा मंत्र. मग जळकी टोकं कापायची, उरलेल्या टोकांना एकमेकांत पीळ द्यायचा, आणि आखूड झालेली कॉइल ओढून ताणून पुन्हा खाचांत बसवायची. शेगडी १९८६ साली घेतलेली. दर दोन-तीन हिवाळ्यांनी हा संस्कार व्हायचा. वडिलांच्या पश्चात तो मी चालू ठेवला. नवी कॉइल बाजारात चहा-पोह्यांच्या किमतीत मिळते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वाडवडिलांची दुरुस्ती मोडून नवी वस्तू आणायची म्हणजे कसंसंच वाटतं. हा गुण बँकेत नोकरी केल्याने आला, की त्या गुणामुळे बँकेत नोकरी लागली, ते सांगता येणार नाही.

गेल्या डिसेंबरात शेगडी बिघडली, म्हणजे ती नको इतकी चांगली चालू लागली. चहाचं आधण ठेवून मी पेपरातली पहिली बातमी संपवेपर्यंत आधण आटलेलं असे. थाळीला तडा गेला. एके ठिकाणी कॉइल नुसती लाल न होता पिवळी दिसू लागली. पिन इतकी तापे की ओढून काढताना बोटं भाजत. आणि घरभर एक वास. बेकलाइट, जुनं रबर आणि नशीब हे तिन्ही एकदम जळल्यावर यावा तसा.

“अहो, काहीतरी जळतंय,” सौ. म्हणाली.

“थंडीचे दिवस आहेत. शेजारी शेकोटी पेटवली असेल,” मी म्हणालो. नवरेपणाची वीस वर्षं झाली की अशी उत्तरं तोंडातून आपोआप येतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भांडवल कमी झालं की व्याज कमी होतं, एवढं अर्थशास्त्र मला पक्कं ठाऊक. त्या न्यायाने तार कमी झाली की तापही कमी व्हायला हवा. इथे तार दरसाल घटत होती आणि ताप चक्रवाढीने वाढत होता. हे गणित मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत मांडलं. डबा उघडला की सल्लाही उघडतो, हा बँकेचा अलिखित नियम. रोखपाल म्हणाले, “व्होल्टेज वाढलं असणार.” कर्जविभागातले म्हणाले, “माती बदला.” कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. शाखाधिकाऱ्यांनी दोन दिवसांत लेखी कळवा असं सांगितलं, पण ते त्यांना सवयीने तोंडातून गेलं असावं. आमचा धुळ्याकडचा शिपाई तेवढा वर्णन ऐकून अहिराणीत म्हणाला, “साहेब, ती शेगडी नही शे, भट्टी शे.” निदान अचूक होतं, पण त्यावर औषध नव्हतं.

अशात फ्यूज उडू लागला. आमच्या घरात अजून चिनीमातीचे जुने फ्यूज आहेत. एकदा उडाला, तार घातली. दुसऱ्यांदा उडाला, घातली. तिसऱ्यांदा उडाल्यावर मला राग आला आणि मी चांगली जाडजूड तार घातली. आता फ्यूज उडेना. मी विजयी मुद्रेने सौ.कडे पाहिलं. तिने काही न बोलता मुलांची अंथरुणं स्वयंपाकघराच्या भिंतीपासून लांब सरकवली.

अशा वेळी धुळ्याहून माझा भाचा आला. ताईचा थोरला. बँकेच्याच परीक्षेचं केंद्र जळगावात आलं म्हणून एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने एसटीने आला होता. इतिहास घेऊन बी.ए. झालेला. दहावीला विज्ञानात ४१ गुण मिळाले तेव्हा ताईने पेढे वाटले होते, त्यावरून त्याचा विज्ञानातला वकूब ध्यानात यावा. तो हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आला, नाक फेंदारलं आणि थेट शेगडीसमोर मांडी घालून बसला.

“मामा, आधी पिन काढा.”

मी चपापलो. तेच शब्द, तोच आवाज.

मग या इतिहासाच्या पदवीधराने खिशातून काड्यापेटीएवढं एक मीटर काढलं आणि कॉइलच्या दोन टोकांना लावलं.

“३५ ओहम. मामा, ही शेगडी मुळात हजार वॅटची ना? मग हिचा रोध ५३ ओहम असायला हवा. म्हणजे एक तृतीयांश तार तुम्ही आणि आजोबांनी मिळून कापलीत.”

“मग ताप कमी व्हायला हवा.”

“उलटं! तार म्हणजे विजेला अडवणारी. ती आखूड झाली की अडवणूक कमी, वीज जास्त घुसते. हजाराच्या जागी दीड हजार वॅट. आणि तेही दोन तृतीयांश तारेत. म्हणजे तारेच्या एकेका इंचावर पूर्वीच्या सव्वादोन पट ताप.” त्याने कॉइलवरून पेन्सिल फिरवली. “इथे तुम्ही ओढून ताणलीय, इथे वेटोळी एकमेकांना चिकटलीत. चिकटली की तिथली तार असून नसल्यासारखी. आणि हा पीळ सैल आहे, म्हणून इथे पिवळी पडते. पिन का तापते? भिंतीतलं सॉकेट ६ ॲम्पिअरचं, आणि तुम्ही ओढताय साडेसहा. फ्यूज बिचारा तेच सांगत होता.”

“आता तो काही सांगत नाही,” मी जरा अभिमानाने म्हणालो आणि जाड तार दाखवली.

भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या क्षणी आमचं नातं उलटं झालं. तो मामा, मी भाचा. “मामा, फ्यूज गप्प बसवला की घर बोलतं,” तो म्हणाला.

गेऑर्ग ओहम नावाचा जर्मन मास्तर. त्याने १८२७ साली हा नियम छापला तेव्हा त्याचं कौतुक झालं नाही, उलट टीकाच वाट्याला आली. मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. आणि खोटं कशाला सांगू, स्वतःविषयी एक शंकाही आली. वीस वर्षांपूर्वी मी काउंटरवर बसलो तेव्हा एकच गिऱ्हाईक तेच चार वेळा विचारी आणि मी चारही वेळा हसून सांगे. आता दुसऱ्या वेळेलाच माझी पिन तापते. दर साली कुठे ना कुठे तुटलो, टोकं कापली, पीळ दिला आणि ताणून पुन्हा खाचेत बसलो. तार आखूड झाली ती अशी. लोक म्हणतात, वयाने माणूस तापट होतो.

भाच्याचं व्याख्यान चालूच होतं. “वेटोळी सारखी हवीत. सारखी असली की कॉइल मधून लाल होत कडेला जाते. तसं झालं नाही की कापूस जळतो.”

“कापूस?” सौ. पोळी लाटता लाटता थांबली. “शेगडीत कापूस कुठला रे?”

भाच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ४१ गुण, खिशातलं मीटर आणि आता कापूस. बँकेत खोटी सही पकडताना माझ्या पोटात जसं होतं, तसं झालं.

जेवणानंतर मी त्याला गच्चीवर नेलं. थोडे आढेवेढे घेऊन त्याने आतल्या खिशातून एक नळी काढली. टॉर्चसारखी, हाताच्या बोटाएवढी. ई-सिगारेट! पुण्याला वसतिगृहात असताना सिगारेट लागली, ती सोडायची म्हणून हे धरलं. आता सिगारेट सुटली होती आणि हे सुटत नव्हतं. तयार कॉइल उजळ माथ्याने मिळत नाही, म्हणून तो नायक्रोमची तार आणून घरीच कॉइल वळत होता. ताईला वाटे, पोरगं रात्र-रात्र अभ्यास करतं.

आत काय असतं, तर आमच्या शेगडीचं बाळ. बोटाच्या पेराएवढी नायक्रोमची कॉइल, तिच्या पोटातून ओवलेला कापसाचा बोळा, बोळा भिजवायला निकोटीनचा गोडसर द्रव, आणि तापवायला बॅटरी. माझ्या कॉइलचा रोध ५३ ओहम, त्याच्या कॉइलचा एकाच्याही आत.

“मग त्रास काय आहे?”

“तोच, तुमचाच,” तो खाली बघत म्हणाला. “जास्त तापते. कापूस कोरडा पडतो आणि जळतो. घशात आग लागल्यासारखं होतं. मग खोकला. मोजून, सारखी वेटोळी घालून पाहिली. तरी आठ दिवसांनी तेच.”

मला वडील आठवले. कापसाजवळ ठिणगी नको म्हणून खिसे तपासून घेणारा तो माणूस, आणि त्याच्या नातवाने कापूस आणि निखारा दोन्ही एकाच नळीत घालून ओठांना लावले होते.

मग मी बोलू लागलो. बँकेत परिपत्रकं वाचून वाचून माणूस कायद्यात पक्का होतो. १८ सप्टेंबर २०१९ रोजी यावर बंदीचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सांगून मी शरीराकडे वळलो. निकोटीन तेच, फक्त गाडी बदलली. द्रव जास्त तापला की त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी विषं निघतात. तारेतल्या धातूचे कण वाफेत येतात. रोध फार कमी झाला तर बॅटरीच तापून फुटू शकते, आणि ही शेगडी ओट्यावर नसते, तोंडाजवळ असते. “तुझ्या तारेचा दोष तू शोधतोयस,” मी आवाज चढवला, “आणि तार ओढणाऱ्याचा कोण शोधणार?”

वाक्य चांगलं साधलं होतं. त्या समाधानात माझा हात नेहमीच्या वाटेने खिशात गेला. डबी निघाली. डाव्या तळहातावर तंबाखू, वर चुना, आणि अंगठा मळू लागला. पुडीच्या ८५ टक्के भागावर धोक्याची सूचना आणि ते भयंकर चित्र छापलेलं असतं, म्हणून तर मी दुकानातून बाहेर पडताच पुडी स्टीलच्या डबीत ओततो. डबीला चित्र नाही.

भाचा माझ्या तळहाताकडे बघत होता.

“मामा,” तो हळूच म्हणाला, “आजोबा पाटीवर लिहायचे. ती पाटी माझी होती.”

माझा अंगठा थांबला.

२००९ साली वडिलांच्या गालाला आतून एक गाठ आली. आधी दात लागला असेल म्हणून, मग चुना जास्त झाला असेल म्हणून सहा महिने गेले. बाहेरून गाल नेहमीसारखाच दिसत होता. मुंबईला नेलं, शस्त्रक्रिया झाली, आणि शेवटचे चार महिने त्यांना बोलता आलं नाही. तेव्हा हा सहा वर्षांचा होता. पहिलीची पाटी त्याने आजोबांना दिली होती.

“ते रोज सकाळी ‘चहा’ लिहायचे,” भाचा म्हणाला. “आणि आणला की प्यायला जमायचं नाही.”

मला याहूनही वाईट एक गोष्ट आठवली, जी मी कोणाला सांगितलेली नाही. त्या दिवसांत मी इस्पितळाच्या जिन्याखाली उभा राहून याच डबीतून बार भरत असे. काळजीने जीव जातो, म्हणायचो. सबबीची तार जितकी जाड, तितका फ्यूज उडत नाही.

भाच्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं सांगितलं. ही नळी होन लिक नावाच्या एका चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास शोधली. तो स्वतः दिवसरात्र सिगारेट ओढणारा, आणि त्याचे वडीलही ओढणारे. ते फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. म्हणजे मुलाने बापाच्या मरणातून काहीतरी केलं तरी. मी काय केलं होतं? डबी घासूनपुसून ठेवली होती.

तळहातावरची तंबाखू मी गच्चीच्या कठड्यावरून झटकली. खाली शेजाऱ्यांचा स्कूटर होता, त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी भोगले. भाच्याने नळी उघडली, कॉइल काढली, बोळा काढला. ती माझ्याकडे ठेवायला द्यावी, असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, “नको. साठवणूक कायद्यात बसते, आणि मी सरकारमान्य पगारदार आहे.” शेवटी तार वाकडी करून टाकली, द्रव मोरीत गेला, आणि बॅटरी दुसऱ्या दिवशी भंगार इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्याकडे दिली. डबीत सौ.ने मोहरी भरली. वडिलांची वस्तू टाकवत नाही.

येताना गोलाणी मार्केटमधून हजार वॅटची नवी कॉइल आणली, न कापता, न ताणता खाचांत बसवली. सॉकेट १६ ॲम्पिअरचं करून घेतलं, फ्यूजमध्ये मापाची तार घातली. चहाला आता पूर्वीइतकाच वेळ लागतो. तेवढ्यात पेपरच्या चार बातम्या होतात.

भाचा धुळ्याला परत गेला. तेव्हापासून रोज रात्री ९ वाजता फोन येतो. दोघंही फक्त आकडा सांगतो. कितवा दिवस. पहिल्या आठवड्यात दोघांचे आकडे बरोबर होते. मग एकदा त्याने गप्प राहून ‘एक’ म्हटलं. मी काही बोललो नाही. मार्चअखेरला बँकेत रात्री ११ पर्यंत बसावं लागलं, ताळेबंद जुळेना, रोखपालांनी पुडी पुढे केली, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर मला ‘एक’ म्हणावं लागलं.

“मामा, फ्यूज उडाला?” तो म्हणाला.

“उडाला.”

“बरं झालं. उडायलाच हवा. आता मापाची तार घाला. जाड नको.”

आज त्याचा ६४ वा दिवस आहे आणि माझा २३ वा. त्याच्या परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे. ताई मात्र काळजीत आहे. परवा फोनवर म्हणाली, “दादा, पोराचं काहीतरी बिनसलंय. हल्ली रात्री लवकर झोपतो, अभ्यासच करत नाही.”